ओकचा वाळलेला तुकडा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. ‘ओक वाळला’ असं मी लिहिलं होतं. वाळलाय तो वीतभर तुकडा. बाकीचं झाड ओलंच आहे.

वादळात पडलेल्या ओकच्या फळ्या पाडून झाल्यावर (लाकूडगिरणीवाला दिवसभरात तीन वाक्यं बोलला, त्यातली दोन करवतीशी) बाबांनी त्या मी पुस्तकातून वाचून दाखवलं तशाच शेडमध्ये रचल्या. मध्ये पट्ट्या, टोकांना मेण. बाबांना वाचता येत नाही, पण पुस्तक म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवून ऐकतात. पुढे लिहिलं होतं, एक तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. मी सतरा आठवडे तोलून वहीत मांडलं. वजन थांबलं, मी जाहीर केलं.

तो तुकडा फळ्यांच्या चळतीतच ठेवायचा असतो, हे पुढच्या पानावर आहे. मी तो विसरायला नको म्हणून स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी ठेवला होता. (आई त्यावर गरम पातेलं टेकवायची. म्हणाली, “नुसता बसून तरी काय करतो?”) परवा शेडमधून तेवढाच तुकडा कापून तोलला, तर सव्वापट भरला. नेमकं सांगायचं तर त्याहून थोडा जास्त.

या लाकडाचं बाबा मला लिहायला टेबल करणार आहेत. आपल्या घरात तसं टेबल कधी नव्हतं; मी इस्त्रीच्या फळीवर लिहून पदवी घेतली. ओलं कापलं तर ते वर्षभरात वाकडं होईल, आणि दुसरा ओक आपल्याकडे नाही. शेजारचे गवंडी म्हणाले, “अजून ओलं असेल हो.” बाबांनी विचारलं, “तुमच्याकडे वही आहे का?”

तुमची भाची

ता. क. रविवारी कापायला याल तेव्हा फळीवर हात फिरवून “दाजी, ओलं लागतंय” एवढं सहज म्हणाल का? तुम्ही सुतार, तुमचं ते ऐकतील. वहीचा विषय काढू नका.

आणखी एक ता. क. वरचं खोडणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र मला पाठवता येत नाही. तुम्ही काही म्हणू नका. करवतही आणू नका. बाबांना मीच सांगेन, वही उघडून, शनिवारी, अठरा तारखेला, सकाळच्या चहाआधी.