कात्रीने कापलेली गोळी

मु. पो. निडी

हर्षददादा,

गणपतीला आलास तेव्हा गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापून एकेक तुकडा आईच्या डबीत टाकलास. "आता रोज एक घे, सोपं!" म्हणालास. तिला धड दिसत नव्हतं. तुझा शब्द मानून तिने गोळी वेष्टनासकट गिळली. चार दिवस पोट धरून लोळत होती. फोनवर तू म्हणालास, "गॅस असेल, नाटकं करते." पेणला ऑपरेशन केलं तेव्हा आतड्यात रुतलेला स्ट्रिपचा टोकदार तुकडा निघाला. तेराव्याला ढसाढसा रडलास.

"हर्षदला सांगू नको गो," हे आईचं शेवटचं बोलणं. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाय. तुझ्या लेकीच्या, पिंकीच्या हळदीला, माणसं जमली की, तुकड्यासकट हातात देईन.

तुझीच लाडकी,
नूतन