जोडखुर्चीबाबत अखेरची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा लिफ्ट दुरुस्ती, हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, आणि परवाच्या सराव सामन्याचा राग बराचसा उतरल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्या पोटाची शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टरांनी शनिवारी दाखल व्हा म्हणून सांगितले होते. रविवारी मोसमातला पहिला सामना आहे हे मी त्यांना नीट समजावून दिले. ते म्हणाले, "सामना मोठा की जीव?" मी म्हणालो, "डॉक्टर, असे प्रश्न पेशंटला विचारू नयेत." आता सोमवारी दाखल होणार आहे.

शाळा मी नववीत सोडली. लिफ्टचे काम मला कोणी शिकवले नाही. जुन्या मोटारी उघडून, चुकून आणि शॉक खाऊन शिकलो. कायद्याची भाषाही तशीच शिकलो आहे. एखादा शब्द वाकडा पडला असेल तर अर्थ सरळ घ्यावा.

कलम १. राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, हे माझ्या स्वकष्टाचे असून ते माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. बाहेरच्या खोलीच्या भिंतीत जो खळगा आहे तो रिमोटचा आहे. रिमोट मी फेकला नव्हता, हातातून सुटला होता. पत्नीचे म्हणणे असे की संघ हरला की या घरात कुकरसुद्धा दबकत शिट्टी देतो. हे विधान अतिशयोक्तीचे आहे, पण तिचा हक्क म्हणून नोंदवतो.

कलम २. बँकेतील शिल्लक पत्नी व मुलगी यांना निम्मी निम्मी. यावर भाष्य नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, मीटर, वजन उचलायचा चेन ब्लॉक आणि लिफ्टचे दार बाहेरून उघडायची तिकोनी चावी, माझा सहकारी लंबू याला. अट एकच. पाने वापरून झाल्यावर पुसून, आकाराच्या क्रमाने ठेवावेत. त्याला हा क्रम मी कैक वर्षे सांगतो आहे. मी मेल्यावर तरी तो ऐकेल अशी आशा करतो.

कलम ४. माझी दुर्बीण आमच्या संघाच्या गोलकीपरला द्यावी, म्हणजे त्याला कडेने मारलेला क्रॉस येताना दिसेल. मनुष्य वाईट नाही. उडीही बरी घेतो. फक्त चेंडू गेल्यावर घेतो.

कर्णधाराला काही देऊ नये. त्याला आधीच सगळे मिळाले आहे: कर्णधारपद, पेनल्टी, फ्री किक आणि पंचांशी गप्पा मारायला पुरेसा वेळ. उजवीकडचा केसवाला विंगर संधी घालवल्यावर मोठ्या पडद्यावर स्वतःचा चेहरा बघतो. त्याला माझा दाढीचा आरसा द्यावा. लहान आहे, पण घरी बसून बघता येईल.

कलम ५. कोचबाबत. हे गृहस्थ आल्यापासून आमचा गोलकीपर चेंडू लांब मारत नाही. तो सेंटर बॅकला देतो, सेंटर बॅक दुसऱ्या सेंटर बॅकला देतो, दुसरा घाबरून परत गोलकीपरला देतो. याला म्हणे खेळ उभारणे म्हणतात. मी आयुष्यभर वर-खाली जाणाऱ्या वस्तूंचे काम केले आहे. तळमजल्यावरच दार उघडते आणि मिटते आहे, वर काही जात नाही, अशा लिफ्टला आम्ही बंद लिफ्ट म्हणतो. गेल्या मोसमात आम्ही शेवटून तिसरे आलो. पत्रकारांनी विचारल्यावर कोच म्हणाले, "आम्ही प्रक्रियेवर विश्वास ठेवतो." त्यांना माझ्या मालमत्तेतून काहीही नाही. सहानुभूतीसुद्धा नाही.

कलम ६. नियम बदलणाऱ्यांबाबत. पाच बदली खेळाडू म्हणजे अर्धा संघ नवा. ज्यांचा बाक मोठा त्यांचा फायदा. आमच्या बाकावर बसलेले बघून मला बाकाचीच दया येते. हँडबॉलचा नियम तर दर मोसमाला नवा. आता म्हणे बाहीच्या टोकाखाली लागला तर हात, वर लागला तर खांदा. हे कलम मी तळमजल्यावरच्या शिंप्यांना वाचून दाखवले. फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते म्हणाले, "अहो, बाही ज्याची त्याच्या मापाची. एकाची कोपराला येते, एकाची दंडावर चढते. बाहीवरून खांदा ठरवायचा झाला तर माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना खांदाच उरणार नाही." नियम करणाऱ्यांच्या समितीत एक शिंपी असावा, ही माझी शिफारस.

व्हिडिओ तपासणीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा अबोला तिथूनच सुरू झाला. अकरा वर्षे झाली. चषकाची उपांत्य फेरी होती, बरोबरी, शेवटचे मिनिट. आमच्या नऊ नंबरने डोक्याने गोल मारला. मी दादाला मिठी मारली. त्यानेही मारली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग पंचांनी कानाला हात लावला, पडद्यावर रेघा ओढल्या गेल्या आणि नऊ नंबरच्या बुटाचे टोक रेघेच्या पलीकडे निघाले. ऑफसाइड म्हणून गोल रद्द. मी ओरडत होतो. दादा मिठी सोडून खाली बसला आणि म्हणाला, "निर्णय बरोबर आहे."

दादा जमीन मोजणीच्या खात्यात होता. जन्म रेघांवर गेला. मी म्हणालो, "अरे, बुटाचं टोक आहे ते! नख आहे नख!" तो म्हणाला, "बांध बोटभर सरकला तरी बांध सरकलाच." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यात वहिनीचा उल्लेख यायला नको होता, एवढे मान्य.

कलम ७. जोडखुर्ची. हे या मृत्युपत्राचे मुख्य कलम आहे. बाकीची कलमे यासाठीच लिहिली आहेत असे म्हटले तरी चालेल.

आमचे वडील सुतार होते. मैदानाचा उत्तरेकडचा लाकडी स्टँड ज्यांनी उभा केला त्यांतले ते एक. क्लबने तेव्हा काही कारागिरांना कायमच्या जोडखुर्च्या दिल्या. जोडखुर्ची म्हणजे शेजारच्या दोन जागा, पण हक्क एक. दर मोसमाआधी दोघांनी एकाच कागदावर सह्या करायच्या. एकाने सोडली, किंवा एक वारला आणि त्याच्या वारसाने घेतली नाही, तर दोन्ही जागा क्लबकडे परत. वडिलांनी ती आम्हा दोघा भावांच्या नावे केली. म्हणाले, "भांडलात तरी शेजारी बसाल." त्यांना सगळे जोड पक्के करायची सवय होती.

अबोला झाल्यापासून असे चालले आहे. जुलैत क्लबचा कागद दादाकडे जातो, तो सही करून माझ्या मुलीच्या हाती पाठवतो, मी सही करून परत पाठवतो. मग सगळा मोसम आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि बोलत नाही. जे काही बोलायचे ते मागच्या रांगेतल्या न्हाव्याला मध्ये घालून. दादा म्हणतो, "काही लोकांना सांगा, पाय आवरा म्हणावं." मी म्हणतो, "काही लोकांना सांगा, खुर्चीची मोजणी करून घ्या." न्हावी म्हणतो, "मला सामना बघू द्या रे बाबांनो." गोल झाला की सगळा स्टँड एकमेकांच्या गळ्यात पडतो. मी समोरचा लोखंडी कठडा धरतो, दादा चष्मा पुसतो. गोल फार होत नाहीत हे एक बरे.

कोणी विचारेल, मग सोडत का नाहीस? सोडली तर दादाचीही जाते. लोक म्हणतील, भावाची खुर्ची खाल्ली. शिवाय मी आधी सोडली म्हणजे तो जिंकला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आम्ही बाहेरून पहिली सूचना देतो ती अशी: दार स्वतः उघडायला जाऊ नका, आहे तिथेच थांबा, आत हवा येते. मी ही सूचना स्वतःला देऊन बसलो आहे. मला आता तो खेळ आवडत नाही. तो संघ आवडत नाही. पाऊस आला की ती खुर्ची गळते. तरी सामन्याच्या दिवशी दुपारपासून पाय आपोआप बूट शोधू लागतात.

सबब मी असे ठरवतो की माझ्या पश्चात माझी जागा कोणीही घेऊ नये. पत्नीने नाही, मुलीने नाही. माझ्या थोरल्या भावाला शिक्षा म्हणून दोन्ही जागा क्लबकडे परत जाव्यात. मुलीने याला हरकत घेतली. म्हणाली, "बाबा, काकांचं वय बघा. ते कुठे जातील रविवारी?" मी म्हणालो, "मोजणी करायला." ती हसली नाही. कलम कायम.

कलम ८. अंमलबजावणी मुलीने करावी. माझ्या निधनानंतर क्लबने मैदानावर एक मिनिट शांतता पाळू नये. आमच्याकडे गोल मारायच्या वेळी पुरेशी शांतता असते.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेली.

साक्षीदार दोन लागतात आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये असे मुलीने विचारून आणले होते. शिंपी तयार होते. लंबूला हत्यारे मिळत असल्याने तो बाद. मुलगी म्हणाली, "ज्याला यात काहीच मिळत नाही असा एकच माणूस आहे." आणि मी काही म्हणायच्या आत दार उघडून तिने दादाला आत घेतले. तो जिन्यातच उभा होता.

दादाने बूट काढले, शिंप्यांना नमस्कार केला आणि त्यांनाच विचारले, "सही कुठे करायची?"

शिंपी म्हणाले, "इथे. वाचायची गरज नसते म्हणतात."

"न वाचता सह्या केल्या असत्या तर खात्यात चार दिवस टिकलो नसतो," दादा म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

त्याने सगळे वाचले. ओळीखाली बोट ठेवून. कोचच्या कलमाला मान हलवली. सातव्या कलमावर बोट थांबले. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग तो माझ्याशी बोलला. न्हाव्याशी नाही, शिंप्यांशी नाही.

"हे कधी लिहिलंस?"

"आज सकाळी."

"मी तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. हेच. खुर्ची कोणी घेऊ नये म्हणून."

"शिक्षा म्हणून?"

"शिक्षा कसली! मी गेल्यावर तरी तू सुटशील म्हणून. हल्ली शेजारी बसून तुझा श्वास ऐकू येतो मला. शिट्टी वाजल्यासारखा."

माझ्या तोंडून एवढेच निघाले, "मग तू येतोस कशाला?"

"मी सोडली तर तुझी जाते. तू कशाला येतोस?"

"तेच."

स्वयंपाकघरातून माझी पत्नी बाहेर आली. हात ओलेच होते. "म्हणजे दोघांनाही जायचं नाही आणि दोघंही एकमेकांसाठी जाताय? अकरा वर्षं?" तिने टेबलाच्या कडेला पडलेला क्लबचा यंदाचा कागद उचलला. दादाची सही झालेली होती, माझी राहिली होती. "मग मी हा फाडते. झालात मोकळे. मरायची वाट कशाला बघायची?"

शिंपी म्हणाले, "वहिनी, बरोबर बोललात."

पत्नीने कागद दोन्ही हातांच्या चिमटीत धरला होता. अडकलेल्या लिफ्टचे दार आता उघडे होते, आम्हाला आत कोणी धरून ठेवले नव्हते. हे मला स्वच्छ दिसत होते.

दादा घसा खाकरून म्हणाला, "नवा लेफ्ट बॅक घेतलाय म्हणतात."

"डावखुरा आहे," मी म्हणालो.

"खरंच डावखुरा?"

"परवा सरावात बघितला. क्रॉस टाकतो. दोन चांगले टाकले."

"दोन?"

"एक. पण चांगला."

पत्नीने कागद टेबलावर ठेवला, आमच्या दोघांकडे एकदा बघितले आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. मी सही केली. दादाने शाई वाळेपर्यंत कागद धरला.

सबब कलम ७ मधील "माझ्या थोरल्या भावाला शिक्षा म्हणून" हे शब्द मी खोडले आहेत आणि त्या खोडाखोडीवर सही केली आहे. बाकीचे कलम तसेच ठेवत आहे. आम्हांपैकी कोणीतरी एक सुटेल तेव्हाच दुसरा सुटेल, जिवंतपणी हे आमच्याच्याने होणार नाही, याची मला आता खात्री पटली आहे.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल. दिनांक: मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शिंपी. पत्ता: याच इमारतीचा तळमजला.

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून ठेवणाऱ्याचा थोरला भाऊ. पत्ता, त्याच्याच हस्ताक्षरात: उत्तरेचा स्टँड, रांग नववी, लिहून ठेवणाऱ्याच्या डाव्या हाताला.