डमीनं चहा ठेवायचा

बाई, हे मी सांगून राहिले अन् नात लिहून राहिली. तुमी मला अक्षरं शिकवायला बसलात तवा मी पळून गेले, पत्ते शिकवायला बसलात तवा मांडी घालून बसले, त्याचं हे फळ. नात म्हणती, "आजी, थोडं सुधारून लिहू दे, बाईंना वाचायला तकलीफ होईल." म्हटलं, बाईला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आता कसली तकलीफ! बोलते तसं लिही.

ही पोरगी मोबाईलवर ब्रिज खेळती. आठ दिवसाखाली माझ्यापाशी आली अन् म्हणती, "आजी, बोली माझी आहे. हुकूम आता काढू का थांबू?" मला एकदम तुमचं हिंगोलीचं घर दिसलं. दवाखान्याच्या मागची खोली, रविवारची दुपार, टेबलावर हिरवी चादर. डॉक्टरसाहेब, तुमचे मालक, अन् पेन्शनीतले पोस्टमास्तर एका जोडीत, तुमी अन् तहसीलमधले कारकून दुसऱ्या. कारकुनाची बदली झाली अन् खेळ बंद पडला, कारण ब्रिजला चौघं लागतात. तवा तुमी मोरीपाशी आलात. मी कढई घासून राहिले होते. "हात पूस अन् ये." मी म्हटलं, बाई, मला वाचता येत न्हाई. तुमी म्हणालात, "बदाम ओळखतेस ना? ठिपके मोजतेस ना? मग चल." सुट्टीला गोरेगावकडच्या आमच्या तांड्यावर गेले, की याडी, माझी आई, पुन्हा पुन्हा विचारायची, "खुर्चीवर बसवतात? खरंच?"

बसवलंत, खरं आहे. पण बसू दिलं न्हाईत. ज्याची बोली तो दोघांची पानं खेळणार, त्याचा जोडीदार आपली पानं उघडी मांडून गप बसणार, तो डमी. तुमच्या घरचा नियम असा, की डमी रिकामाच बसतो, मग डमीनं चहा ठेवायचा. नियम सगळ्यांना बराबर, पण आपल्या जोडीत बोली कायम तुमची! मी बदाम म्हटलं की तुमी इस्पिक म्हणायच्या अन् डाव ओढून घ्यायच्या, अन् मी पानं मांडून पुन्हा स्टोपाशी. काहून, तेबी मला ठाऊक होतं. सुरवातीला एकदा बोली माझ्याकडं आली होती. मोठमोठे हुकूम हातात आलेले, ते काढायला माझा जीव होईना. पोस्टमास्तरांनी माझा इस्पिकचा एक्का हुकमाच्या दुर्रीनं मारला. तुमी सगळ्यांसमोर म्हणालात, "आधी हुकूम काढ! त्यांच्या हातात एक जरी हुकूम राहिला तर तुझा एक्का नुसता कागद आहे." डोळ्यांत पाणी आलं, पण मी चहा ठेवायला गेले म्हणून कुणाला दिसलं न्हाई. त्यानंतर बोली बंद. मला पगार वाढवून नको होता, बाई. एक डाव शेवटपर्यंत बसून खेळायचा होता.

मग तो रविवार. माझ्या हातात सहा बदाम, एक्का-राजा-राणीसकट. तुमी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "चार बदाम." थेट. तुमी चष्म्यावरून बघितलं. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "आता तुम्ही डमी. आलं घाला चहात." तुमी पानं मांडली, त्यात तीन बदाम अन् किलवर एकच, अन् आत गेलात.

बदाम हुकूम, दहा हात करायचे. मी खेळून राहिले. हुकूम काढले न्हाईत. आधी किलवरचा एक्का टाकला, मग छोटं किलवर, ते तुमच्या पानांतल्या बदामानं मारलं. पुन्हा माझ्या पानांवर आले, अजून एक किलवर, त्यावर तुमचा अजून एक बदाम. मग हुकूम काढले. तेवढ्यात तुमी ट्रे घेऊन आलात अन् टेबल बघून तडकलात, "अगं, हुकूम आत्ता काढतेस? किती वेळा सांगायचं?" पोस्टमास्तर म्हणाले, "वहिनी, थांबा. तिनं आधी काढले असते, तर तुमचे बदाम संपले असते अन् किलवर आमचे झाले असते. आता दहा हात पक्के आहेत." तुमी उभ्यानं मोजलंत. मग पहिला कप माझ्यापुढं ठेवलात.

पुढं सगळ्या गावाला सांगत सुटलात: "हुकूम काढ, हे कुणीही शिकवील. कधी थांबायचं, ते हिला उपजत कळतं." चहाची पाळी खरीखुरी लागली. डॉक्टरसाहेबांनीबी ठेवला एकदा, गोड पाणी नुसतं!

आता खरं सांगते. मला काही कळलं न्हवतं. तुमी आत गेलात अन् माझा कान तुमच्यामागं गेला. साखरेचा डबा तुमाला सापडंना, झाकणं वाजून राहिली होती. दूध पातेल्यात काठोकाठ होतं अन् त्या स्टोला जरा पंप जास्त मारला की भडकायचा. दूध उतू जाईल, दूध उतू जाईल, एवढंच डोक्यात. किलवरचा एक्का अंगठ्याखाली होता म्हणून टाकला. हुकूम काढायचे, हे मी विसरूनच गेले होते.

त्या रात्रीपासून घरी जमिनीवर पानं मांडून शिकले, कुणी पकडू नये म्हणून. तुमची वाहवा खरी करायला मला दोन वर्षं लागली. म्हणून नातीला सांगू शकले, "लेकरा, डमीच्या पानांतल्या हुकमांचं काम उरलंय का बघ. उरलं असंल तर थांब, न्हाई तर काढ."

नात विचारती, हे पाठवायचं कुठं? म्हटलं, पत्त्यांच्या डब्यात ठेव, तुमी दिलेल्या. अन् शेवटचं एक लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर स्टोखाली दूध जळून काळं झालं होतं, अन् त्यावर तुमी घाईनं वर्तमानपत्र पसरलेलं. तुमी कुणाला बोलला न्हाईत. मी राखेनं घासून काढलं, अन् मीबी न्हाई.