जलपिंपळीचा शेवटचा झुबका

मु. किकवी, ता. भोर

ती. आक्का,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या चिमाजीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला असेलच. इकडं सगळं खुशाल (तुमची भावजय मंगल जास्त, मी कमी). हे मोबाईलवर सांगितलं असतं, पण मी फोन कानाला लावला की मंगल शेजारी येऊन लसूण सोलत बसते.

तर आक्का, मागं वेल्ह्याला आलो तेव्हा तुमच्या ओढ्याकाठची जलपिंपळी घेऊन आलो. तुम्ही म्हणालात, "चिम्या, एस्टीतनं रिटायर झालास तसा डोक्यातनं बी झालास का?" पण त्या वेलानं नाव काढलं. आपल्याच मातीतला, खताची मागणी नाही, म्हैस वरून चालून गेली तरी पसरतोच. अंगणभर हिरवं अंथरूण आणि त्यावर शेंगदाण्याएवढी पांढरी-जांभळी फुलं. मधमाश्या आल्या, फुलपाखरं आली, बेडूक आला (तो मंगलच्या चपलेत राहायला गेला आणि खरं भांडण तिथून सुरू झालं). तिला अंगणात फरशी हवी. शेवटी तोड निघाली, की दसऱ्याला वेल फुललेला दिसला तर राहील, नाहीतर फरशी. फरशीवाला पप्पू माप घेऊनसुद्धा गेला. जन्म स्टिअरिंग धरण्यात गेला आक्का, हातानं वाढवलेली ही पहिलीच गोष्ट. जीव जडलाय.

परवा बचत गटाची बैठक आमच्या अंगणात भरली. मी चहा करायला आत. आपल्या बायका मातीवर बसल्या की तोंड एकीकडं आणि हात एकीकडं, हे तुम्हाला काय सांगायचं. साळूबाईंच्या सुनेच्या बाळंतपणापासून तेलाच्या भावापर्यंत बोलणी झाली, आणि मी ट्रे घेऊन बाहेर येतो तर अंगण लख्ख. मुळासकट. ढीगसुद्धा नीट लावलेले. साळूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "आण्णा, लई तण माजलं व्हतं. बोलता बोलता काढून टाकलं बगा." वर ढीग शेळीला घेऊन गेल्या. मी आभार मानले आणि आत जाऊन पुन्हा चहा ठेवला.

पायरीजवळ एक झुबका तेवढा वाचला. मंगलला दया आली असावी. म्हणाली, "झुबका तर झुबका. दसऱ्याला त्याच्यावर फूल दाखवा, फरशी न्हाई." तेव्हापासून मी त्याच्या राखणीला पायरीवरच बसून आहे. जेवणही इथंच, हे पत्रही इथंच.

आपला,
चिमाजी

ता. क. जमल्यास ओढ्याकाठची मूठभर जलपिंपळी ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर भोरला पाठवावी. वर मेथी ठेवा, म्हणजे मंगलला कळणार नाही.

ता. क. दुसरा. मूठभर नको, पोतं पाठवा. लिहिता लिहिता त्या साळूबाईंचा फार राग आला. उजव्या हातात पेन होतं, डावा मोकळा होता. झुबका आता माझ्या डाव्या हातात आहे. मुळासकट.