स्पॅममध्ये ढकललेला मेल

जालना, सोमवार, १३ नोव्हेंबर २००६

बदनापूरच्या कमलताईंचा आवाज कानातून जात नाही. त्यांच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट माझ्या सर्व्हरवर आहे. काल पुण्याचे पाहुणे त्या साइटवर ताईंच्या भाचीचा फोटो बघणार होते. सर्व्हर काल सकाळीच बंद पडला, आणि मला कळलं आज!

सर्व्हरवर पहारा ठेवायला लावलेल्या दुसऱ्या मशीननं तेव्हाच मेल धाडला होता. तो स्पॅममध्ये गेला. जाणारच. त्याच पत्त्यावरून रोज 'सर्व्हर चालू आहे' असा मेल यायचा. चालू आहे तर मला कशाला सांगतो, म्हणून मीच त्याला स्पॅममध्ये ढकललं होतं. मंग अडचणीत त्याचं कोण ऐकणार?

आज इंजिनिअरकडून सर्व्हर बंद पडला की मला मिस्ड कॉल येईल अशी सोय करून घेतली. सर्व्हर मुद्दाम बंद केला, तर खिशातला फोन लगेच वाजला. एवढं सोपं होतं, आधी का सुचलं नाही?

कमलताईंना फोन केला. हसल्या, पण ते हसू बराबर नव्हतं.

"भाऊ, पाहुणे म्हणे साइटच बोगस, मंग स्थळ कसं असंल?"

"मी सांगतो त्यांना, चूक माझी."

"नका. आपणच मागं लागलो तर पोरीतच खोट हाय असं वाटंल."

तेवढ्यात मागून भाची हळूच बोलली, "मावशी, माझा फोटो काढून टाकायला सांग ना त्यांना."

ताईंनी मला ते सांगितलं नाही. मीही ऐकलं नाही असंच दाखवलं.