कमलीबाईचं पोट

१० फेब्रुवारी, मंगळवार

— आणि कमलीबाईने तौहिदचा हात धरून त्यालाच रोग्याच्या स्टुलावर बसवलं. रोगी ती. डॉक्टर तो. निदान माझ्या कागदावर तसं होतं.

नवा विषय: रोग्याशी बोलणे. वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकवायला मी, मराठीचा माणूस! खोटा रोगी, खरा विद्यार्थी, दहा मिनिटं. कमलीबाई अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली. तिला एकच वाक्य दिलं होतं — पोट दुखतं.

'कुठं दुखतं?' तौहिद.

'पहिले तू सांग. कोना पोऱ्या शे? गाव कोनतं?'

दहा मिनिटांत कळलं ते असं: गाव खापर, वडील गफूर शिंपी, डावा गुडघा चढताना दुखतो. तौहिदचा. पोटाचा पत्ता नाही.

११ फेब्रुवारी

समजावलं. 'बाई, फक्त पोट.'

'वळख नही, आनि पोट दाखाडू?'

त्यांच्याकडे आधी गाव, मग माणसं, मग काम. आज डॉक्टर झालेली रिना रडली. शरीररचनेत नापास झाल्याचं घरी सांगितलेलं नाही. कमलीबाईने तिला शेंगा दिल्या. गुण मी कुणाला द्यायचे?

१२ फेब्रुवारी

अधिष्ठाता उमाकांत सर — 'उद्या येतो. नाही जमलं तर वर्ग बंद. सोमवारपासून स्लाइड.' अठ्ठावन्न स्लाइड. इंग्रजीत. रोग्याशी कसं बोलावं!

१३ फेब्रुवारी

'मीच करून दाखवतो.' सर बसले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

'बोला मावशी, काय त्रास?'

'गाव कोनतं, डाक्टर?'

'नंदुरबार.'

'आनि पहिले?'

सरांनी टेबलावरचं घड्याळ सरकवलं. मग — 'कोरीट.'

'कोन शे तठे?'

'माय.'

'कधी गयथा तू?'

सरांना अहिराणी येते! बावीस मिनिटं बोलले. भावाशी विहिरीवरून भांडण. चार दिवाळ्या घरी गेले नाहीत. कोरीट इथून अर्धा तास.

'डोकं दुखस का तुन्हं?'

'रोज.'

मुलं भराभर लिहून घेत होती. रिनाच्या वहीत पाहिलं — रोगी, पुरुष, वय अंदाजे पंचावन्न.

सर एकदम उठले. घड्याळ बांधलं. 'पोटाबद्दल एक शब्द नाही! वर्ग बंद. सकाळी माझ्या सहीचा आदेश घेऊन जा.'

कमलीबाई मला म्हणाली, 'चांगला पोऱ्या शे.'

१४ फेब्रुवारी, शनिवार

नऊला आदेश घ्यायला गेलो. खोलीला कुलूप. मगन शिपाई म्हणाला, 'साहेब कोरीटले गयात. सोमवारले बी येनार नहीत.' सही राहिली. दहाला वर्ग घेतला.