अठरा व्हॉल्व्ह

मंगळवार, ३
पालिकेचं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग सूनबाईकडून वाचून घेतलं. माझं वाचन म्हणजे अर्धं डोळ्यांनी, अर्धं अंदाजाने.
जागतिक प्रदर्शन संपून एकेचाळीस वर्षं झाली. मनोरे, दालनं सगळं मोडीत निघालं. उरलं तळ्यातलं कारंजं, तेही बंद. महिनाअखेर ते चालवून दाखवलं तर ठेवणार, नाहीतर तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करणार. नकाशे हरवलेत. अठरा व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने फिरवायचे ते ठाऊक असलेला माणूस आता एकच — मी.
आणि मला आठवत नाही.

बुधवार, ४
हो कळवलं. का कळवलं?

शनिवार, ७
फरशीवर डब्यांची अठरा झाकणं मांडून, डोळे मिटून फिरवत बसलो. ही म्हणाली, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, यांची तर पंचाहत्तरी उलटली." सूनबाई म्हणाली, "बाबा, साखरेला मुंग्या लागल्या तर तुम्हीच निवडा." निवडल्या.

सोमवार, ९
आठवलं! डोक्याला नाही, हातांना. नऊपर्यंत आपसूक गेले. मग मी विचार केला आणि घोटाळा झाला. सूनबाई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "नऊनंतर चौदा. काल दोन्ही वेळा चौदालाच गेलात." सूनबाईला पाठ! फरशीवरच नाचावंसं वाटलं. गुडघे नाही म्हणाले.

गुरुवार, १९
तळ्याखालच्या खोलीत उतरलो. सूनबाईने बॅटरी धरली. गंज काढलाय, व्हॉल्व्ह लोण्यासारखे फिरतात. दुरुस्तीवर आलेल्या इंजिनिअरबाईंनी विचारलं, "आजोबा, वरून कसं दिसायचं हो?"
म्हटलं, मला काय माहीत? सहा महिने, रोज तीन खेळ, मी आपला खाली. डोक्यावर टाळ्या ऐकू यायच्या, तेवढंच.
सूनबाईने एकेका व्हॉल्व्हवर बॅटरी फिरवली, ओठांत आकडे मोजत. मी उगाच चष्मा पुसला.

शनिवार, २८
उद्या. पाणी आलंच नाही तर? जास्त आलं तर? पहिल्या रांगेतल्या साहेबांवर पडलं तर? शेवटची कल्पना बरी वाटली. एकटाच हसत सुटलो, ही ताप बघायला आली.

रविवार, २९
खाली सूनबाई उतरली. माझं ऐकलंच नाही — मला वर हिच्या शेजारची खुर्ची दाखवली. तळं बुजवत नाहीत.
मला आपलं वाटायचं, कारंजं पुरुषभर उंच असेल. ते झाडांच्याही वर जातं.